संकटकाळी सामान्य माणूस

‘आता कुणी कुणाचे राहिले नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ते उच्चारणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. वर्गात, एस. टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या पंक्तीत, सर्वत्र ते खपून जाते. सामान्य माणूस भित्रा, आपमतलबी, संकट दिसले की पाठ फिरवणारा, असे एकदा गृहीत धरले म्हणजे आपल्यालाही काही करण्याची जबाबदारी उरत नाही. ही सोय फार मोठी आहे. म्हणूनच हे गृहीत तपासून पाहावेसे वाटते.

या निराशेला शास्त्राचा टेकू म्हणून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीझ या तरुणीचा रात्री खून झाला आणि ३८ शेजारी नुसते पाहत राहिले, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली. मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून ती जगभर गेली. पुढे अभ्यासकांनी कागदपत्रे चाळली, तेव्हा ३८ जणांनी सारे पाहिल्याचा पुरावाच मिळेना. पुष्कळांच्या कानी केवळ आरडाओरडा आला होता. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला तात्पुरते पिटाळले होते, आणि एक शेजारीण तर धावत खाली जाऊन त्या जखमी मुलीला मिठीत घेऊन बसली होती. २०१६ साली त्याच वृत्तपत्राने आपली बातमी सदोष होती, हे मान्य केले. तोवर ५० वर्षे उलटली होती!

त्या खुनावरून सुचलेला डार्ले आणि लाताने यांचा १९६८चा प्रयोग मात्र खोटा नव्हे. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचे ऐकू आले, तेव्हा ‘ऐकणारा मी एकटाच’ असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका ओसरण्यापूर्वीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे समजणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. बसून राहिलेले दुष्ट होते असे नव्हे. दुसरा कोणीतरी उठेल, या भरवशावर ते राहिले.

आता घरचे उदाहरण घेऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लोकल बंद, दिवे गेलेले, फोन मुके. चाकरमानी रुळांवरून आणि छातीभर पाण्यातून घरी निघाले. त्या रात्री वस्त्यांतल्या पोरांनी दोर धरून अनोळखी बायामाणसांना पाण्यातून पार केले. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होते, त्यांनी रस्त्यावरच्यांना चहा-बिस्किटे दिली. कोणी कोणाला जात विचारली नाही, गाव विचारले नाही. (याला ‘मुंबईचे स्पिरिट’ असे गोंडस नाव देऊन झाले, आणि मिठी नदीचे पात्र कोणी बुजवले हा प्रश्न त्या कौतुकाखाली बुडाला, हे जाता जाता नमूद करतो.) पण त्याच मुंबईत, अवघ्या दोन दिवसांनी, धरण फुटल्याची आवई उठली आणि जुहूच्या नेहरूनगर वस्तीत लोक एकमेकांना तुडवत पळाले, माणसे मेली. ही माणसे काही वेगळ्या मातीची नव्हती. २६ तारखेला समोर बुडणारा माणूस दिसत होता आणि हाताला काम होते. २८ तारखेला दिसत काहीच नव्हते, आणि खरे काय ते सांगणारेही कोणी जवळ नव्हते.

पाण्याच्या संकटात माणूस माणसाला धरतो, हे मान्य. खरी कसोटी लागते ती माणूसच माणसाच्या अंगावर येतो तेव्हा. १९९२-९३च्या मुंबईतील दंगलीत सुमारे ९०० लोक प्राणाला मुकले, हे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्या दिवसांत शेजाऱ्याला घरात लपवणारे होते, तसेच शेजाऱ्याचे दार दाखवून देणारेही होते. आणि बहुसंख्य? ते खिडक्या लावून बसले. पण याच वेळी भिवंडीत काय घडले? १९७० आणि १९८४ या दोन्ही वेळी जे गाव होरपळून निघाले, ते या वेळी शांत राहिले. सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८पासून तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची साधी माणसे नेमाने एकत्र बसत, एकमेकांना नावाने ओळखत. मुंबईच्या खिडकीआडचा माणूस आणि भिवंडीचा विणकर यांच्या अंतःकरणात फार फरक असेल, असे मला वाटत नाही. फरक होता तो आधीच्या चार वर्षांत. ज्याला नावाने ओळखतो, त्याचे दार दाखवताना बोट अडखळते.

आपल्या रोजच्या वाटेवरचे संकट म्हणजे अपघात. तेथे घोळका जमतो, पण जखमीला उचलायला हात पुढे येत नाहीत. ही निर्दयता, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला त्यात भीती अधिक दिसते: पोलीस ठाण्यातल्या खेपांची, साक्षीची, रुग्णालयात ‘आधी पैसे भरा’ म्हणतील त्याची. ही भीती वेडगळ नव्हती, हे सर्वोच्च न्यायालयानेही ओळखले. मदत करणाऱ्याला अडकवून ठेवू नये, नाव सांगण्याची सक्ती करू नये, पैसे मागू नयेत, अशा मार्गदर्शक तत्त्वांना त्याने २०१६ साली कायद्याचे बळ दिले. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही अशा माणसाला संरक्षण मिळाले. आमच्या वर्गात मी विचारले, तेव्हा ही गोष्ट दोघांना ठाऊक होती, त्यांतला एक वकिलाचा मुलगा.

जखमीला घेऊन येणाऱ्याला अडवले जाणार नाही, अशी सनद प्रत्येक रुग्णालयाने प्रवेशद्वाराशी स्थानिक भाषेतही लावावी, असे त्या तत्त्वांत म्हटले आहे. आपल्या गावातल्या दवाखान्यांच्या दारांत मी ती शोधत हिंडलो. आजवर एके ठिकाणीच दिसली, तीही सलाईनच्या रिकाम्या खोक्यांच्या मागे, निम्मी झाकलेली.