वाळवंट आणि मधली सुट्टी

सहलीचं वेळापत्रक मी करायचं, हा आमच्या घरातला अलिखित नियम. शाळेत बरीच वर्षं वेळापत्रकाचं काम माझ्याकडे होतं. अठरा तुकड्या, एक प्रयोगशाळा, एक मैदान, आणि कुणाचा तास कुणावर आदळता कामा नये! ज्याला ते जमलं त्याला सहा माणसांची सहल काय अवघड, अशी माझी समजूत होती. ती डिसेंबर २०२२ मध्ये जैसलमेरला उतरली.

आज हे आठवायचं कारण म्हणजे परवाच नात्यातल्या एकांचा फोन आला. सगळं बिऱ्हाड घेऊन तिकडेच निघालेत. प्रश्न एकच, "काका, एका दिवसात काय काय बसेल?" मी म्हटलं, बसवू नका. पण फोनवर एवढंच सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं. जोधपूरहून चालकासह गाडी केली होती. जैसलमेरच्या दुसऱ्या दिवसाचा माझा बेत असा होता : सकाळी सहाला गडीसर तलावावर सूर्योदय, आठला किल्ला, दहाला पटव्यांची हवेली, अकराला तनोटकडे कूच, मग लोंगेवाला, परतताना कुलधरा आणि शेवटी समच्या वाळूवर सूर्यास्त. सात ठिकाणं! कागदावर फार देखणं दिसत होतं हो. मुलानं हळूच "बाबा, जरा जास्त होतंय का?" म्हटलं होतं. मी नेहमीचं ठेवणीतलं अस्त्र काढलं, "एवढ्या लांब आलोय, परत कधी येणार?" यावर कुणाकडेच उत्तर नसतं.

पहिली फजिती सहालाच झाली. तलावावर मिट्ट काळोख आणि हाडं गोठवणारी थंडी. सूर्य उगवला सव्वासात वाजून गेल्यावर. मी भूगोल शिकवलेला माणूस! आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली आहेत आणि जैसलमेर आहे एकाहत्तरच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर पाऊण तासाचा फरक झाला. शिवाय ते पुण्याच्या आठ अंश उत्तरेला, म्हणजे हिवाळ्यातला दिवस आणखी आखूड, जेमतेम साडेदहा तासांचा. हे गणित मी मुलांकडून शेकडो वेळा करून घेतलं, स्वतःच्या सहलीला मात्र लावलं नाही. नातू कुडकुडत विचारत होता, "आजोबा, सूर्याला तुमचं वेळापत्रक दिलं होतं का?"

मग किल्ला. ११५६ साली रावळ जैसल यांनी वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. आत घरं आहेत, दुकानं आहेत, दारात रांगोळ्या आहेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो पिवळा दगड खरोखर सोन्यासारखा दिसतो. पण मी घड्याळ बघत होतो. जैन मंदिरातल्या कोरीव कामापुढे सूनबाई थबकली की मी मागून "चला, चला" करत होतो.

जैसलमेर ते तनोट १२० किलोमीटर, तिथून लोंगेवाला चाळीसेक, तिथून रामगढवरून परत जैसलमेर शंभरावर आणि पुढे सम आणखी चाळीस. तीनशे झाले. रस्ता चांगला आहे, सरळ आहे, त्यामुळे हिशेब जमतो. फक्त त्या हिशेबात गाडी असते, गाडीतली माणसं नसतात.

तनोटच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. १९६५ च्या युद्धात तिथे पडलेले, न फुटलेले तोफगोळे मांडून ठेवलेत. तिथे मी सगळ्यांना दहा मिनिटं दिली. लोंगेवाल्याला तर माझा वर्गच सुरू झाला. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या शंभर-सव्वाशे जवानांनी रणगाडे कसे थोपवून धरले, जैसलमेरला आपली हंटर विमानं होती पण ती रात्री लढू शकत नव्हती, उजाडेपर्यंत कसं तगून राहावं लागलं... नातवंडं मन लावून ऐकत होती. ही मात्र गाडीतून उतरलीच नाही. "तुम्ही बघून या," म्हणाली. मला वाटलं, कंटाळली असेल.

परतताना रामगढच्या अलीकडे तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हात गार, ओठ कोरडे. चालकानं विचारपूस न करता गाडी एका ढाणीकडे वळवली. घरच्या बाईनं बाज टाकली, मीठ घातलेलं ताक दिलं आणि काही न बोलता हिला मागच्या बाजूला घेऊन गेली. अर्ध्या तासानं ही जरा सावरली तेव्हा मी विचारलं, "सकाळपासून पाणी का नाही प्यायलीस? बाटल्या तर भरलेल्या आहेत."

ती म्हणाली, "पाणी पिऊन जाऊ कुठे? तुमच्या कागदावर ते ठिकाण नव्हतं."

सूनबाई खाली बघत होती. नंतर कळलं, तिनंही पाणी तोडलं होतं. दोघींनी एकमेकींना न सांगता.

मंडळी, मी शाळेचं एकही वेळापत्रक छोट्या सुट्टीशिवाय केलं नाही. मुलांना पाणी प्यायला, मोकळं व्हायला दहा मिनिटं मिळालीच पाहिजेत, यासाठी मुख्याध्यापकांशी भांडलोय. आणि घरच्या माणसांसाठी, तेही वाळवंटात, ती सुट्टी मी विसरलो. चूक विसरण्याची नाही, न विचारण्याची आहे. पुरुषाला आडोसा पुरतो, म्हणून बेत आखणाऱ्या पुरुषाला हा प्रश्न दिसतच नाही. त्यात वाळवंटातली कोरडी हवा फसवी. थंडीच्या दिवसांत घाम आल्याचंही कळत नाही, कातडीवरच सुकून जातो. आणि वय झालं की तहानेची जाणीवही मंदावते. तीन गोष्टी एकत्र आल्या की एका निरोगी बाईला बाजेवर झोपवायला एक दिवस पुरतो.

त्या संध्याकाळी सम झालं नाही, कुलधरा झालं नाही. दुसऱ्या दिवसाचा कागद सूनबाईनं लिहिला. त्यावर सगळ्यात वर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा. त्याखाली थांबे : कुठे स्वच्छतागृह, कुठे चहा, कुठे पेट्रोल. मग अंतरं. ठिकाणं सर्वांत शेवटी, आणि ती दोनच : सकाळी उशिरा पुन्हा किल्ला, संध्याकाळी सम. मधला दुपारचा चौकोन कोरा. मी सवयीनं विचारलं, "इथे काय?" ती म्हणाली, "मधली सुट्टी, बाबा."

माझं म्हणणं एवढंच आहे. गर्दीच्या दिवसाचा बेत ठिकाणांपासून सुरू करू नये. आधी उजेड किती ते बघावं, मग आपल्यातलं सर्वांत दमणारं माणूस कोण ते बघावं, आणि घरातल्या बायकांना थांब्यांबद्दल स्पष्ट विचारावं. लाजू नये. उरलेल्या वेळात जेवढं बसेल तेवढं बघावं. तनोट-लोंगेवाला करायचं तर तो दिवस त्याचाच ठेवावा.

आता "परत कधी येणार?" या अस्त्राबद्दल. आमच्या वयात ते खोटं नाही. लोद्रव्याचं जैन मंदिर राहिलं आणि बहुधा राहिलंच. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण परत येणं नाही म्हणून सगळं एका दिवसात कोंबावं, हा निष्कर्ष मला आता पटत नाही. परत येणं नसेल तर जे पाहतोय ते तरी बरोबरच्या माणसांसह पाहावं. लोंगेवाल्याचे रणगाडे मी पाहिले, हिनं पाहिले नाहीत, आणि याला मी "आम्ही लोंगेवाला केलं" असं म्हणत होतो.

फोनवाल्या मंडळींना बेत पाठवायला सांगितलाय. आल्यावर मी तो आधी हिच्याकडे देणार आहे.