Explainer: चंद्रावर पाणी शोधणारे विमान भारताला हवे का?

चंद्राच्या उन्हातल्या भागावरही पाण्याचे रेणू आहेत, हे २०२० मध्ये 'सोफिया'ने दाखवले. 'सोफिया' म्हणजे नासा आणि जर्मनीने जुन्या प्रवासी बोइंग ७४७मध्ये बसवलेली २.७ मीटरची दुर्बीण.

विमानातच का? हवेतील बाष्प अवरक्त किरण अडवते. १२ किलोमीटरच्या वर बाष्प जवळपास संपते. पण वर्षाचा खर्च सुमारे ८.५ कोटी डॉलर! २०२२ मध्ये उड्डाणे थांबली.

खापरीजवळ, नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगची देखभाल होते. मग आपणही असे विमान बनवावे? माझे मत, नको. मुंबईच्या टीआयएफआरने हैदराबादहून फुग्याला दुर्बीण बांधून अवरक्त निरीक्षणे केली आहेत. फुगा रोज उडत नाही, पण विमानापेक्षा उंच जातो. पैसा तिथेच लावा.