एअर पिस्तुलावर पैसे कुठे घालायचे? आधी मूठ, बाकी सगळं नंतर

मुलाला किंवा मुलीला नेमबाजीच्या क्लासला घातलं की पालकांना पहिला धक्का बसतो तो किमतीचा. स्पर्धेच्या दर्जाचं आयात केलेलं एअर पिस्तूल लाखाच्या पुढेच जातं. आणि ते घेऊन होत नाही तोच पुढची यादी समोर येते: खास चष्मा, जादा वजनं, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, वेगळे बूट. यातलं बरंचसं पहिल्या दोन वर्षांत लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जे लागतं, त्याकडे मात्र दुर्लक्ष होतं. ते म्हणजे मूठ, अर्थात ग्रिप.

मुठीला एवढं महत्त्व का?

थोडं गणित करू. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३५ सेंटिमीटर अंतर असतं. या दोन साइट एकमेकींच्या रेषेत नसतील आणि फरक फक्त एक मिलिमीटरचा असेल, तरी १० मीटरवर छर्रा जवळपास २९ मिलिमीटर बाजूला जातो. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं साडेअकरा मिलिमीटरचं. म्हणजे मनगट जरासं वळलं की संपलं.

मूठ हाताला नीट बसली तर साइट आपोआप रेषेत येतात. दुकानात किंवा रेंजवर हे तपासता येतं. रिकामं पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून डोळे मिटायचे, हात उचलायचा, मग डोळे उघडायचे. पुढची साइट दरवेळी मागच्या खाचेच्या एकाच बाजूला दिसत असेल, तर मूठ त्या हाताची नाही. मोठ्या मुठीवर लहान मुलाचं बोट ट्रिगरपर्यंत तिरकं पोचतं आणि ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ओढला जातो.

ग्रिप लहान-मोठ्या मापात, डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी मिळते. लाकडी ग्रिपवर पुट्टी भरून, पॉलिश पेपरनं घासून ती हाताजोगी करता येते. हे काम प्रशिक्षकासमोर, थोडं थोडं करायचं. भरलेली पुट्टी काढता येते, कापलेलं लाकूड परत येत नाही. शिवाय मुलांचा हात वाढतो. नियमांची चौकटही आहे. मुठीचा कुठलाही भाग हाताला वेढा घालणारा किंवा मनगटाला आधार देणारा चालत नाही.

मग बाकीच्या वस्तूंचं काय?

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या वर नको आणि ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम हवा. दुर्बिणीची साइट किंवा लेझर चालत नाही. घोट्यापर्यंत येणारे बूटही नाहीत. साधे सपाट तळाचे बूट घ्या आणि विषय संपवा.

पॅरिसमध्ये २०२४ साली मिश्र सांघिक गटात रौप्यपदक जिंकणारा तुर्कीचा युसुफ डिकेच साध्या चष्म्यामुळे जगभर गाजला. त्यावरून ‘सामान लागतच नाही’ असा अर्थ काढणारे मीम खूप फिरले. पण त्याच्या हातात स्पर्धेचंच पिस्तूल होतं आणि पाठीशी अनेक वर्षांचा सराव. त्यानं गाळलं ते चष्म्याचं भिंग आणि डोळ्यावरची झापड, पिस्तूल नव्हे.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हलका, एकसारखा चालतो हे खरं. तरी सुरुवातीला मेकॅनिकल पुरतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुकानदाराला विचारा: सर्व्हिसिंग कुठे होते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात? टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन पात्रता फेरीत बिघडला, वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. पुढं पॅरिसला तिनंच दोन कांस्यपदकं आणली, हा भाग वेगळा.

जुनं पिस्तूल घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी पाहा. त्याची मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी नियमानं खेळाडूवरच आहे.

लायसन्सची भानगड?

साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. राही सरनोबत खेळते त्या २५ मीटर प्रकारातलं पॉइंट टू-टू पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना लागतो, आणि त्याच्या नळीला परस्पर हात लावणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा ठरतं. ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी.

चष्म्याचे आणि जादा वजनांचे वाचलेले पैसे छर्‍यांवर घाला. एका पात्रता फेरीतच ६० गोळ्या मारायच्या असतात, सरावाला डबे भराभर संपतात.