दगड आधी कोणी टाकायचा?



पांढुर्ण्याचे नाव सांगितले की बाहेरचा माणूस दोनच गोष्टी विचारतो, संत्री आणि गोटमार. संत्र्यांबद्दल आपण अभिमानाने बोलतो, गोटमारीचा विषय निघाला की मान खाली घालतो.

आपला मुलूख सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला. नकाशावरच्या रेषा अशा बदलल्या, पण पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीतली रेषा तशीच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध झेंडा लावलेला पळस रोवतात आणि दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडताना दगडांखाली सापडली, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, कित्येकांचे जीवही गेले. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोकांनी पुन्हा गोटेच उचलले.

यावर आपण म्हणतो, "पोरं ऐकत नाहीत." मला हे पटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा ८ वा अध्याय काढा. त्या स्त्रीला दगडमार करायला आलेल्यांपैकी आधी कोण निघून गेले? वडीलधारे! तरुण त्यांच्या मागून गेले. शहाणपणाची सुरुवात पिकल्या केसांकडून झाली.

मग आपण वडीलधारे काय करतो? जमिनीच्या वादातून सख्खे भाऊ उपासनेत एका बाकावर बसत नाहीत. मंडळीच्या निवडणुकीतले शब्द दहा वर्षे जपून ठेवतो. हेही गोटेच आहेत, फक्त रक्त दिसत नाही. आणि घरातली मुले ते रोज पाहतात.

म्हणून काठावर उभे राहून शेजाऱ्यांना नावे ठेवणे आपल्याला शोभत नाही. यंदा पोळ्याच्या आधी प्रत्येक वडीलधाऱ्याने एका माणसाच्या दारी जाऊन समेट करावा. गोटमारीच्या दिवशी जखमींना पाणी द्यावे, दवाखान्यात पोचवावे. ते कोणत्या काठाचे, हे विचारू नये.

प्रभू आपले हात रिकामे करो. आमेन.