आधी हप्ता मांडा, मग विद्यापीठ निवडा

अमेरिकेत एमएस करायचं तर ४०-५० लाख लागणारच. तिकडे गेल्यावर पार्ट-टाइम काम करून बराच खर्च निघतो. आणि नोकरी लागली की दोन-तीन वर्षांत कर्ज फिटतं. पुण्या-नाशिकच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ही तीन विधानं इतक्यांदा ऐकू येतात की त्यांच्या भरवशावर आईवडील राहता फ्लॅट तारण ठेवतात. तिन्ही विधानं तपासायला हवीत, कारण ती चुकली तर किंमत मोजणारं घर इथलं असतं.

आधी पार्ट-टाइमचं बघू. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि पहिल्या वर्षी तेही विद्यापीठाच्या आवारातच. ताशी १५ डॉलर मिळाले असं धरलं तरी आठवड्याचे ३०० होतात, महिन्याचे सुमारे १,२००. लहान गावातल्या विद्यापीठात तिघाचौघांनी मिळून घर घेतलं तर त्यात भाडं आणि किराणा भागतो. फी भागत नाही. शिवाय आवारातलं काम मिळेलच याची हमी कोणी देत नाही. मग पेट्रोल पंपावर, हॉटेलात रोखीनं काम करण्याचा सल्ला दिला जातो. हा सल्ला देणारा मित्र नव्हे. असं काम उघडकीला आलं तर व्हिसाचा दर्जा जातो, शिक्षण अर्ध्यावर तुटतं आणि कर्ज मात्र पुरं राहतं.

आता परतफेड. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या शाखेत काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीचे, १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी २४. त्यापुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, त्याच्या जागा वर्षाला ६५ हजार, अधिक अमेरिकेतल्या पदव्युत्तरांसाठी २० हजार, आणि अर्ज कितीतरी जास्त असल्यानं निवड सोडतीनं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना तो लागू नसल्याचा खुलासा पुढच्या महिन्यात आला. तोवर किती घरांत झोप उडाली असेल! इतक्या वेगानं बदलणाऱ्या नियमांवर दहा वर्षांचं कर्ज उभं करायचं, तर नियम उलटले तरी झेपेल असंच करायला हवं.

म्हणून एक हिशेब मांडतो. ४० लाख कर्ज, ११ टक्के व्याज, अर्धी रक्कम पहिल्या वर्षी आणि अर्धी दुसऱ्या. दोन वर्षं शिक्षण आणि सहा महिने सवलत. या काळात बँक हप्ता मागत नाही, व्याज मात्र साचत राहतं: साधं व्याज धरूनही सुमारे ८ लाख ८० हजार. परतफेड सुरू होते ती ४८ लाख ८० हजारांवर, आणि दहा वर्षांसाठी हप्ता येतो महिना सुमारे ६७ हजार. अमेरिकेतल्या चांगल्या पगारात हा हप्ता जाणवणारही नाही. पण पुण्यात परत येऊन पहिली नोकरी धरणाऱ्याचा सगळा पगार तो खाऊन टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे: किती कर्ज काढायचं हे भारतात मिळू शकणाऱ्या पगारावर ठरवा. डॉलरमधला पगार मिळाला तर लवकर फेडा. तो गृहीत धरून सही करू नका.

यावर एक उत्तर हमखास येतं, आणि ते टाकाऊ नाही. आधीची मुलं कर्ज काढूनच गेली आणि त्यांनी घरं बांधली, हे खरं आहे. पण ज्यांचं कर्ज फिटलं ते उघडपणे बोलतात. ज्यांचं अडलं त्यांच्या घरी तो विषयच निघत नाही. अनुभव ऐकायचा तर दोघांचा ऐकला पाहिजे.

दुसऱ्या टोकाला ‘मग जाऊच नका’ म्हणणारे आहेत. त्यांच्याशी माझा वाद अधिक मोठा आहे. परदेशातलं उच्च शिक्षण फक्त पैसेवाल्यांचं, हे महाराष्ट्रानं तरी कबूल करू नये. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. मध्ये थांबून कमावणं हे अपयश मानणाऱ्या आजच्या पालकांनी हा क्रम लक्षात ठेवावा. दोन वर्षं नोकरी करून १० लाख साठवून गेलेल्या मुलाचा हप्ता पहिल्या दिवसापासून हलका असतो.

पैसा मिळवण्याच्या वाटा आहेत, पण त्या मोफत सल्ला देणाऱ्या कन्सल्टन्सीत सहसा सांगितल्या जात नाहीत. अनेक कन्सल्टन्सींना विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं, त्यामुळे कमिशन न देणारं विद्यापीठ त्यांच्या यादीत मागे पडतं. अमेरिकेत अनेक शाखांत बी.ई.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, आणि तिथे बहुतेक वेळा फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. कॅनडात प्रबंधावर आधारित मास्टर्सला अनेकदा अर्थसाहाय्य असतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ आता त्याहून जास्त. राहण्याच्या खर्चापोटी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात, म्हणजे तीही फुकटची वाट नव्हे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं. या सगळ्यांची तयारी प्रवेशाच्या वर्षभर आधी सुरू करावी लागते. ऑफर लेटर हातात आल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही.

जे आधीच गेले आहेत त्यांनीही हातचं सोडू नये. शिकत असताना व्याज भरत गेलं तर वरच्या उदाहरणातला हप्ता ६७ वरून ५५ हजारांवर येतो. काही बँका त्यासाठी दरात सवलतही देतात. भारत-अमेरिका कर-करारामुळे तिथल्या भारतीय विद्यार्थ्याला करविवरणात प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. पहिली पाच कॅलेंडर वर्षं एफ-१वर असताना, ओपीटीच्या पगारातूनही, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले जायला नकोत. कापले गेले असतील तर आधी कंपनीकडे आणि तिनं दिले नाहीत तर कर खात्याकडे परत मागता येतात. वर्षाला ६० हजार डॉलर पगार असेल तर ही रक्कम साडेचार हजार डॉलरहून जास्त होते, म्हणजे इथले निदान पाच हप्ते.