साठ मुलांना एक वर्गशिक्षक पुरत नाही

विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा, ही त्यांतली एक. दुसरी मला तितकीच मोलाची वाटते: विद्यार्थ्यांचे छोटे गट करून प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक द्यावा, विशेषतः परीक्षेच्या आणि एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाण्याच्या काळात. मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. ही सूचना एकही नवे पद न भरता अमलात आणता येईल, असे मला अनुभवाने वाटते.

वर्गशिक्षक असतातच की, असे कुणी म्हणेल. माझ्या तुकडीत ६० मुले होती आणि तासिका ३५ मिनिटांची. काहीही न शिकवता नुसते एकेकाशी बोलायचे ठरवले तरी एका मुलाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. त्यातून हजेरी, आधारची जुळवाजुळव, शिष्यवृत्तीचे अर्ज.

नववीतला एक मुलगा दिवाळीनंतर सारखा गैरहजर राहू लागला. मी त्याला दोनदा भर वर्गात रागावले. आईवडील ऊसतोडीला गेले होते; आजारी आजी आणि धाकटी बहीण त्याच्यावर अवलंबून होत्या. हे मला जानेवारीत कळले, तेही शिपाईमामांकडून. ज्या दिवशी यायचा त्या दिवशी तो बहिणीला शेजारच्या प्राथमिक शाळेत सोडून वेळेआधीच फाटकाशी उभा असायचा, आणि मामा त्याची विचारपूस करायचे. आमच्या अख्ख्या शाळेत त्याचे म्हणावे असे तेवढे एकच माणूस होते, आणि तेही योगायोगाने भेटलेले. माझ्या रागावण्याची मला आजही खंत वाटते.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात ‘द मेट’ नावाची सरकारी शाळा १९९६ साली सुरू झाली. तिथे पंधरा-सोळा मुलांचा गट शाळेची चारही वर्षे एकाच शिक्षकाकडे असतो. आपल्याला एवढा लहान गट परवडणार नाही, हे मान्य. पण ६०० मुलांच्या शाळेत २२ शिक्षक असतील आणि चित्रकला, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसह सगळ्यांना एकेक गट दिला, तर एकाकडे साधारण २७ मुले येतात. तोच गट नववी-दहावीची दोन्ही वर्षे त्याच शिक्षकाकडे राहावा. आठवड्यातून एक तासिका, गोल बसून, वही-पुस्तकाशिवाय. एवढ्याने शिक्षकाला निदान कोण जेवून आले नाही, कोण गप्प झाले, एवढे तरी दिसेल.

अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती मी जाणते. मूल्यशिक्षणाच्या तासिकेत मी स्वतः व्याकरण उरकले आहे. पण महिनाभर शाळेत न आलेल्या मुलाचा अभ्यासक्रम कोणत्या जादा तासाने भरून निघतो? शिक्षक काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत, हेही खरे. जीव नकोसा झालेल्या किंवा घरात अत्याचार सोसणाऱ्या मुलासाठी समुपदेशकच हवा. मात्र त्या मुलाला समुपदेशकाच्या दारापर्यंत नेणारे, त्याला ओळखणारे कुणीतरी आधी लागते.

अकरावीत तर हे अधिकच निकडीचे आहे. २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. खेड्यातली मुलगी यादीत नाव लागेल त्या महाविद्यालयात जाते, आणि कित्येकदा वर्ष संपले तरी तिथल्या एकाही प्राध्यापकाला तिचे नाव ठाऊक नसते.

शिक्षण विभागाला एकच सांगणे: गटाच्या या तासिकेचा अहवाल, छायाचित्र, ऑनलाइन नोंद काहीही मागू नये. मागितले की शिक्षक मुलांकडे न बघता मोबाइलकडे बघतील. आणि मुख्याध्यापकांना विनंती, की येत्या जूनचे वेळापत्रक आखताना नववी आणि अकरावीसाठी आठवड्याची एक तासिका मोकळी ठेवावी व मुलांचे गट पहिल्याच आठवड्यात पाडावेत.

– एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, सातारा