हट्ट नव्हे, आजार

व्रताचा उपवास पारण्याबरोबर सुटतो. परंतु असाही एक उपवास आहे, की जो आरंभी स्वेच्छेने धरला तरी पुढे केवळ इच्छेने सुटत नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम गल व पॅरिसचे डॉक्टर लासेग यांनी १८७३ साली या विकाराचे स्वतंत्रपणे वर्णन केले. त्यास रूढ झालेले ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचे. नावाचा अर्थ भूक नाहीशी होणे असा असला, तरी रोग्याची भूक पुष्कळदा शाबूत असते; वजन वाढेल ही भीती तिच्यावर मात करते.

अशा मुलीस लोक हट्टी म्हणतात आणि तिच्या आईस दोष देतात. हे दोन्ही आरोप शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. त्यांस २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले व त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. शरीराबरोबर मनही पालटले. ते चिडखोर, उदास व एकलकोंडे झाले. अन्नावाचून दुसरा विचार त्यांस सुचेना. कित्येक जण जेवण उगाच लांबवीत, तर काहींनी पाककृतींची पुस्तके जमविली. त्यांस वजनाचे भय नव्हते; म्हणून या प्रयोगाने विकाराचे मूळ उलगडत नाही. परंतु ज्या वागण्यास हट्ट म्हणतात, त्यातील बराच भाग उपासमारीचाच परिणाम होय, हे त्यावरून उघड होते.

मुळाचा शोध आता आनुवंशिकतेपर्यंत पोचला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे १७,००० रोग्यांची तपासणी होऊन विकाराशी निगडित अशी आठ जनुकीय स्थाने आढळली. त्याचा संबंध इतर मनोविकारांप्रमाणेच शरीरातील चयापचयाशीही दिसून आला. कोणा आईच्या वागणुकीने एवढे सारे घडत नाही.

गल यांच्या मते आप्तेष्ट हे अशा रोग्याचे सर्वांत वाईट शुश्रूषक होत. पुढे लंडनमध्येच हे मत मागे पडले. तेथे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लहान वयात जडलेल्या व तीन वर्षांहून कमी काळाच्या विकारात कुटुंबासह केलेला उपचार अधिक गुणकारी ठरला. त्यातून विकसित झालेल्या पद्धतीत मुलीच्या जेवणाची जबाबदारी प्रथम आईवडील उचलतात आणि प्रकृती सुधारताच ती क्रमाक्रमाने तिच्या हाती परत देतात.

अन्न हे येथे पहिले औषध आहे. मात्र दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे. विद्यार्थिनी झपाट्याने वाळत असेल, डबा टाळीत असेल, तर शिक्षकाने तिच्या अंगकाठीची थट्टा वा स्तुती न करता पालकांस वेळीच सावध करावे. दोष कोणाचा, हे ठरविण्यात दवडलेला प्रत्येक महिना रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो.